लोकरीचा कोट धुवायचा नसतो

करामा, दुबई
१२ नोव्हेंबर १९९६

ती. अप्पामामा, दोन्ही हात जोडून नमस्कार. मामीलाही.

प्रकाशच्या ऑफिसातल्या लॉरेन्सनं तुमचं गाठोडं काल घरी आणून दिलं. तुम्ही एस.टी. पार्सलनं ते त्याच्या वसईच्या घरी धाडलंत आणि बिचाऱ्यानं तिथून विमानात स्वतःच्या बॅगेत घातलं. आता त्याचे सगळे शर्ट मेंढरासारखे वास मारताहेत म्हणे! एअरपोर्टवर कस्टमवाल्यानं बॅग उघडली, नाक धरलं आणि "यल्ला, यल्ला" करत त्याला हाकलून दिलं.

अहो मामा, मी तुम्हाला विचारलं काय आणि तुम्ही पाठवलंत काय! शिकारीला जाणाऱ्या माणसानं कोणती काळजी घ्यावी एवढंच विचारलं होतं. तुम्ही तर अख्खा कोटच पाठवलात. प्रकाशला हसू आवरेना. त्याच्या दुकानात सध्या शिकारीची नवी जॅकेट्स आली आहेत, युरोपातली. पाणी लागत नाही, वारा लागत नाही, वजनाला पापडाएवढी हलकी. आठशे दिरॅमला एक, म्हणजे पावणेआठ हजार रुपये. त्याचा मालक हमीद डिसेंबरात लिवाकडच्या वाळवंटात कॅम्प लावतोय. इथे खऱ्या शिकारीला बंदी आहे, म्हणून पाळलेली कबुतरं उडवतात आणि त्यांच्यावर ससाणे सोडतात, पण थाट सगळा शिकारीचाच. मोठेमोठे पाहुणे येणार. प्रकाशनं तिथे हे जॅकेट घालून फिरायचं आणि पाहुण्यांकडून ऑर्डर मिळवायची. मिळाली तर तो मॅनेजर होईल. नाही मिळाली तर सेक्शन बंद करीन, असं हमीद हसत हसत म्हणाला. सेक्शन बंद म्हणजे नोकरी बंद, आणि नोकरी बंद म्हणजे व्हिसा खलास. मग काय, बॅगा भरा आणि चला.

पण मला भीती वाटते ती त्याची नाही. आमच्याच बिल्डिंगमधल्या शहनाझच्या दिराची गाडी गेल्या हिवाळ्यात वाळूत रुतली होती. रस्त्यापासून फार लांबही नव्हती. धुक्यात माणूस भलत्याच दिशेला चालत गेला तो परत आला नाही. शहनाझ अजून त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणते. 

कोटाचा वास फार आहे हो मामा. बाल्कनीत टाकलाय. शेजारची मिल्ड्रेड विचारत होती, तुमच्याकडे बकरी आणलीय का?

तुमची विभा

जत
२४ नोव्हेंबर

चि. विभा, आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार आणि मुग्धाला गोड पापा.

हसा, हसा. आयुष्यभर पोस्टमन म्हणून दारोदार फिरलो, तेव्हा मला लोकांचं हसू नवं नाही.

तो कोट माझा आहे. सनगराकडून घोंगडी विणून घेतली आणि इथल्याच शिंप्याकडून शिवून घेतली. शिकारीला बंदी येईपर्यंत मी दुसरं काही अंगात घातलं नाही. पाठीवर हातभर जळका डाग आहे तो बघितलास का? आता तो कसा पडला ते ऐक. आणि वाचताना हसू नकोस.

सत्तर साल असेल. माळावर डुकराच्या मागावर होतो. पहाटे शेकोटी केली. आमच्यातल्या मुश्ताकनं मुंबईहून टेरिलीनचा नवा सदरा आणला होता आणि जो तो हात लावून बघत होता. मला म्हणाला, "अप्पा, तुझं ते कांबळं फेक आता. चाललास की मेंढरू चालल्यासारखं वाटतं." त्याच वेळी शेकोटीत लाकूड फुटलं आणि ठिणगी उडाली. पोरी, ते कापड नुसतं जळत नाही. वितळतं. गुळाच्या पाकासारखं अंगाला चिकटतं आणि चिकटल्यावर जळत राहतं. मुश्ताक पळायला लागला. पळेल तसा भडका वाढला. बाकीचे पाण्यासाठी धावले. मी त्याला पाय घालून पाडलं, अंगातला कोट त्याच्यावर टाकला आणि वर बसलो. लोकर फार तर करपते, केस जळल्यासारखा वास येतो आणि आपोआप विझते. मुश्ताक जगला. त्याचा ओरडण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसा मी. जावईबापूंच्या जॅकेटाचं तू लिहिलंस आणि माझी झोप उडाली.

तेव्हा प्रकाशरावांना म्हणावं, पाहुण्यांपुढे खुशाल जॅकेट घाला, पण आगीजवळ जाताना माझा कोट. आणि घरातल्या सगळ्यांनी पाठ करा: आग लागली तर पळायचं नाही. खाली पाडायचं. कोट टाकायचा. दाबून धरायचं, सोडायचं नाही.

आणखी एक. कोट धुवायचा नाही! उन्हात टाकावा, काठीनं झोडावा. वास म्हणजे मेंढराचं तेल, त्यानंच थंडीपाऊस अडतो. गरम पाणी लागलं की लोकर आवळते, मग कोट गेलाच म्हणून समज.

मामी म्हणते, पोरीला घाबरवू नका. मी मुद्दाम घाबरवतोय.

अप्पा

करामा
५ डिसेंबर

ती. मामा, शिरसाष्टांग.

तुमचं पत्र प्रकाशनं परवा ऑफिसातल्या पोस्ट बॉक्समधून आणलं. मी ते मोठ्यानं वाचलं, कारण मुग्धाला मराठी वाचता येत नाही. दहा वर्षांची घोडी झाली तरी मी मराठीत बोलते आणि ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. आधी तिनं "सो ग्रॉस" केलं. मग दोनदा वाचायला लावलं. मग बाप सोफ्यावर पेपर वाचत होता, त्याच्यावर चादर टाकून वर बसली आणि "बाबा, यू आर ऑन फायर!" म्हणून किंचाळली. तुमच्या गोष्टीनं माझी रात्रभर झोप गेली आणि पोरीला खेळ सापडला.

आता खरी बातमी. हमीदनं प्रकाशला सांगितलंय, फॅमिलीला पण आण. मला शाळेच्या क्लार्कच्या नोकरीतून सुट्टी नाही, पण मुग्धाच्या शाळेला आहे. मी नको म्हटलं. किती तऱ्हेनं म्हटलं! प्रकाश म्हणतो, "विभा, तू प्रत्येक गोष्टीत मरण बघतेस." पोरगी म्हणते, "मम्मा, देअर विल बी फाल्कन्स!" दोघं एकीकडे झाले की माझं कोण ऐकतंय? बुधवारी १८ तारखेला दुपारी निघणार, शुक्रवारी संध्याकाळी परत.

कोटाचा वास आता बराच गेलाय. तो सोबत जाणार आहे. तुम्ही काळजी करू नका.

मी काल बर दुबईच्या देवळात जाऊन आले. तिथेही मला धुकंच दिसत होतं, मनातलं.

विभा

जत
१४ डिसेंबर

चि. विभा, सुखी राहा.

कोट सोबत जाणार हे वाचलं आणि पहिल्यांदा नीट जेवलो. मामीनं दुसरी भाकरी वाढली तर ती पण खाल्ली. वास बराच गेला म्हणतेस, म्हणजे उन्हात चांगला झोडलास. शहाणी पोर!

आता काळजी सोड. प्रकाशरावांच्या अंगावर माझा कोट आहे म्हणजे मी सोबत आहे असं धर. जॅकेटवाल्यांचं हसू होऊ दे. ससाण्याला म्हणे नव्या कापडाची खरखर सोसत नाही, बिचकतो. आम्हाला डुकराच्या बाबतीत हाच अनुभव. लोकर गप्प असते.

मुश्ताकला तुमच्या चादरीची गोष्ट सांगितली. हसला नाही. म्हणाला, पोरीला शिकवून ठेवलंत ते बरं केलंत.

अप्पा

करामा
२१ डिसेंबर, शनिवार

मामा,

आत्ता लॉरेन्स तुमचं १४ तारखेचं पत्र देऊन गेला. प्रकाशचा पोस्ट बॉक्स आज त्यानं उघडला, कारण प्रकाश ऑफिसला आलेला नाही. तो आणि मुग्धा काल संध्याकाळी परत यायला हवे होते. आले नाहीत.

रात्री मी स्वतःला समजावलं, कॅम्प लांबला असेल. तिथे मोबाइलही चालत नाहीत. सकाळी हमीदच्या ऑफिसला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, दे लेफ्ट यस्टरडे मॉर्निंग." मामा, काल सकाळीच निघालेत ते! कॅम्पवाल्यांना वाटतंय ते घरी पोचले, मला वाटत होतं ते कॅम्पवर आहेत, आणि ते कुठेच नाहीत. काल पहाटे दाट धुकं होतं म्हणे. पुढे मुनीरची गाडी होती, तो त्यांचा ससाणे सांभाळणारा. मागे प्रकाशची पिकअप. डांबरी रस्त्यावर पोचल्यावर मुनीरनं मागे बघितलं तर कुणी नाही. त्याला वाटलं, दुसऱ्या वाटेनं गेले असतील. आता तोच शोधायला गेलाय. पोलिसांनाही कळवलंय. मला सांगितलंय, घरीच थांबा, फोनजवळ. शहनाझ आणि मिल्ड्रेड बसून आहेत. शहनाझ माझ्याकडे बघत नाही. तिला तिचा दीर आठवतोय, मला कळतं.

जतचा फोन लागत नाही. लागला तरी मी काय बोलणार? म्हणून लिहितेय. हात थांबले की मला ती पिकअप दिसते, दार उघडं असलेली.

तुम्ही लिहिलंय, प्रकाशच्या अंगावर माझा कोट आहे म्हणजे मी सोबत आहे असं धर. नाहीये हो मामा! नाहीये त्याच्या अंगावर. तुमचं धुऊ नकोसचं पत्र यायच्या आधीच मी तो मशीनमध्ये टाकला होता, गरम पाण्यात, पावडर घालून. मिल्ड्रेडनं बकरी म्हटलं त्याची मला लाज वाटली. बाहेर निघाला तो एवढासा, पुठ्ठ्यासारखा जाड. प्रकाशच्या कोपरापर्यंतसुद्धा बाही जाईना. तुम्हाला कळवायची हिंमत झाली नाही. मुग्धाला मात्र बरोबर बसला, म्हणून तिच्या बॅगेत कोंबला. प्रकाशच्या अंगावर तेच जॅकेट आहे. आणि त्या पिकअपमध्ये पेट्रोलचा कॅन असतो, आणि रात्रीची थंडी, आणि तो शेकोटी करणार. मी तुमचं ते सत्तर सालच्या गोष्टीचं पत्र आता कपाटात कुलूप लावून ठेवलंय. तरी मला ते दिसतंय.

देवा, मी काय करून बसले! फोन वाजतोय

जत
३० डिसेंबर

विभा,

तुझं २१ तारखेचं पत्र आज मिळालं. 'फोन वाजतोय' इथे संपलंय. खाली सही नाही. पाकिटावर पत्ता दुसऱ्याच अक्षरात.

पुढे काय झालं?

मी एस.टी.डी. बूथवर गेलो. तुमचा नंबर लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. परत लावला, परत तेच. बूथवाला म्हणाला, अप्पा, बाहेर गेले असतील. मी त्याला काय सांगणार, की घरात फोनजवळ बसायला सांगितलेली बाई घरात नाही.

चाळीस वर्षं मी लोकांना पत्रं वाटली. कुणाच्या पाकिटात काय असेल, याचा कधी विचार केला नाही. उद्यापासून पोस्टमन येताना दिसला की आधी त्याच्या हातातलं पाकीट बघणार.

कोटाचं मनातून काढ. कोट गेला खड्ड्यात. माणसं कुठे आहेत ते कळव. दोन ओळी. एक ओळ.

मामी देवापुढून उठत नाही.

अप्पा

करामा
४ जानेवारी १९९७

ती. मामा,

दोघंही आहेत. आधी हे वाचा, मग बसा, मग पुढचं वाचा.

तो फोन मुनीरचा होता, हॉस्पिटलमधून. मी तशीच उठले. पत्र टेबलावरच राहिलं आणि मिल्ड्रेडनं चांगुलपणानं पाकिटात बंद करून पोस्टात टाकलं. तुम्हाला किती घोर लागला असेल! मला दुसऱ्या दिवशी आठवलं, तोवर मी प्रकाशच्या खाटेजवळ होते आणि माझ्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं. लॉरेन्स तार केली म्हणतो. ती तुम्हाला मिळाली की नाही, देव जाणे.

धुक्यात मुनीरच्या गाडीचे दिवे दिसेनासे झाले आणि प्रकाश वाट सोडून गेला. गाडी रुतली. धुकं उठलं तेव्हा चारी बाजूंना नुसती वाळू. नशीब, शहनाझच्या दिरासारखा तो चालत सुटला नाही. दिवसभर गाडीजवळच थांबले. खायला खजूर होते, पाणी होतं. रात्री मुग्धा थंडीनं कुडकुडायला लागली तेव्हा तिनं तो कोट घातला. म्हणाली, "मम्मा, इट वॉज लाइक बीइंग इनसाइड अ शीप."

सकाळी परत धुकं, ऊन वर आलं तरी उठेना. त्यात लांबून गाडीचा आवाज आला. प्रकाशला वाटलं, हा गेला तर संपलं. त्यानं वाळकी झुडपं गोळा केली होती, त्यांवर घाईघाईत कॅनमधलं पेट्रोल ओतलं आणि काडी लावली. थोडं त्याच्या बाहीवर सांडलं होतं.

पुढचं मुग्धानं मला एकदाच सांगितलं. बाबा पळायला लागला. तुम्ही लिहिलं होतं अगदी तसं, पळेल तसं वाढत गेलं. ती मागे धावली, त्याच्या पायांना मिठी मारली, दोघं पडले. तिनं अंगातला कोट काढून त्याच्या हातावर आणि मानेवर टाकला आणि वर झोपली. तो ओरडत होता, "सोड, सोड." ती म्हणाली, "आय डिडन्ट लेट गो, मम्मा. अप्पाआजोबा सेड डोन्ट लेट गो."

मुनीरला धुक्यात तो भडकाच दिसला. तो आला तेव्हाही ती सोडेना. त्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली.

प्रकाशचा उजवा हात आणि मान भाजली आहे. जॅकेटचं कापड चामडीतून काढायला डॉक्टरांना... नको, ते मी लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. तो जगेल आणि हात चालेल, असं सांगितलंय. मुग्धाच्या तळव्याला थोडा चटका बसलाय, बास.

हमीदचे वडील हॉस्पिटलात आले होते. म्हातारा अजून उंटाच्या केसांचा जाड झगा घालतो. कॅम्पवर मुलगा जॅकेट दाखवत होता आणि म्हाताऱ्याचा ससाणा त्या खरखरीनं प्रकाशच्या जवळ जाईना, यावरून बापलेकात वादही झाला होता म्हणे. त्यांनी मुग्धाचा कोट हातात घेतला, दोन बोटांत चोळला, वास घेतला आणि "झैन, झैन" म्हणाले, म्हणजे छान. जॅकेटं परत पाठवली आहेत. प्रकाशला तंबूंच्या सेक्शनला घेतलंय. नोकरी राहिली.

परवा प्रकाशला घरी आणलं, पण मामा, भीती गेली नाही. प्रकाश गॅस पेटवायचा आवाज आला की खोलीतून उठून जातो. मुग्धा कोट काढत नाही, कोट घालूनच झोपते. मी देवापुढे निरांजन लावायला काडी ओढली तर ती किंचाळली. अजून आमचा देव अंधारात आहे. आणि कोटावर आता दुसरा डाग पडलाय, तुमच्या डागाशेजारी.

मुग्धा विचारते, मुश्ताक आजोबांची भीती कधी गेली? तिला खरं उत्तर हवंय. तुम्ही खोटं बोलत नाही, असं मी तिला सांगितलंय.

विभा

जत
१६ जानेवारी

चि. विभा, प्रकाशराव आणि माझी वाघीण मुग्धा,

तार मिळाली नाही. तुझं हे पत्र आलं तेव्हा पोस्टमनलाच ते वाचायला सांगितलं, कारण माझा चष्मा ओला झाला होता. "दोघंही आहेत" एवढं वाचून तोही ओट्यावर बसला.

आधी तुझी खरडपट्टी. कोट धुतलास! लोकरीला गरम पाणी! तुझ्या आईनं हेच शिकवलं का? मामी म्हणते, धुतला म्हणून तर पोरीच्या मापाचा झाला, नाहीतर प्रकाशरावांनी घातला नसता आणि कपाटातच राहिला असता. असेल. पण हे लक्षात ठेवून पुन्हा कुठली घोंगडी मशीनमध्ये टाकशील तर याद राख!

आता मुग्धा बेटा, आई तुला वाचून दाखवील. तू विचारलंस, मुश्ताक आजोबांची भीती कधी गेली. मी जाऊन त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "पोरीला सांग, गेली नाही."

सव्वीस वर्षं झाली. अजून तो काडी ओढत नाही. त्याची बायको होती तोवर ती चूल पेटवायची. ती गेल्यापासून रोज संध्याकाळी मी त्याच्याकडे जातो आणि शेगडी पेटवून देतो. तो तोंड फिरवून बसतो. पेटली की मी म्हणतो, "झालं रे." मग तो वळतो आणि चहा टाकतो. चहा मात्र उत्तम करतो. भीती जात नाही बेटा. तिच्याशेजारी कुणीतरी बसावं लागतं, मग चहा होतो.

तेव्हा बाबाला लाजू देऊ नकोस. आणि तूही लाजू नकोस. मुश्ताकनं तुला निरोप दिलाय: सोडलं नाहीस, शाबास. हे त्यानं मला सव्वीस वर्षांत कधी म्हटलं नव्हतं. तुला म्हणताना माझ्याकडे बघत होता.

तुमचा अप्पाआजोबा

करामा
२ फेब्रुवारी

ती. मामा,

तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचलं. 

संध्याकाळी मी देवघराशी काडीपेटी घेऊन बसले.  प्रकाश खोलीतून उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला. माझ्या शेजारी खाली बसला, बँडेजचा हात मांडीवर ठेवून. मुग्धा कोट घालून त्याच्या पलीकडे बसली. दोघांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी निरांजन लावलं. ज्योत सरळ होईपर्यंत थांबले.

मग म्हटलं, "झालं रे."

मुग्धा आधी वळली. मग तिनं बाबाची बाही ओढली आणि मराठीत म्हणाली, "बाबा, बघ. झालं."

विभा